काकांचा पंप आणि माझं इंग्रजी

भोगी म्हटलं की तुम्हाला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आठवत असेल. चेन्नईत भोगीला पहाटे घरातल्या जुन्या वस्तू दारापुढे जाळतात. चटया, कागद, कधीकधी टायरसुद्धा! 2018 च्या भोगीला धुरामुळे विमानं खोळंबली होती. आमच्या घरी त्या पहाटेचं पहिलं काम म्हणजे काकांच्या खोलीच्या खिडक्या घट्ट लावणं.

काका मूळचे विट्याचे. खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, तसे तेही विशीत इथल्या सौकारपेटेत आले. चाळीस वर्षं भट्टी, मूस आणि ॲसिडचा तांबूस धूर. विडीला कधी हात लावला नाही, तरी सीओपीडी झालाच. सिगारेट न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सविस्तर मांडलं होतं. चुलीचा धूर, कामावरची धूळ, वाफा ही त्याची कारणं. भारतात 2016 मध्ये या आजाराचे साडेपाच कोटी रुग्ण होते, असा अंदाज आहे.

आता माझी चूक सांगते. मी इंग्रजीत बी.ए. केलंय, म्हणून घरातले सगळे रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे. गेल्या वर्षी काकांची फुंकायची टेस्ट झाली. आधी एकदा फुंकायचं, मग पंप घ्यायचा, पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आधी 1.12 लिटर होती, नंतर 1.21. खाली लिहिलं होतं, 'नो सिग्निफिकंट रिव्हर्सिबिलिटी'. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, "काका, पंपाचा तुम्हाला फारसा उपयोग होत नाही असं लिहिलंय."

काकांना तेवढंच हवं होतं. पंपाची सवय लागते, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलंच होतं. पंप कपाटात गेला.

महिन्याभरात काकूंच्या लक्षात आलं. बाजारातून भाजी घेऊन तिसरा मजला चढताना काका पूर्वी एकदा थांबायचे, ते आता तीनदा थांबत होते. आंघोळीनंतर शर्टाची बटणं लावतानाही धाप. कुणाला काही बोलले नाहीत. वय झालं, एवढंच म्हणायचे.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि मला विचारलं, "याचा अर्थ कोणी सांगितला?" मी गप्प.

त्या ओळीचा अर्थ एवढाच होता, की पंपानंतर 12 टक्के आणि 200 मिलिलिटर अशी दोन्ही वाढ दिसली नाही. काकांची वाढ 90 मिलिलिटर, म्हणजे 8 टक्के. हा आकडा निदानाला मदत करतो. खूप मोठा फरक पडला तर दम्याची शंका येते, आणि पंपानंतरही नळ्या अरुंदच राहिल्या तर सीओपीडीची. औषध चालू ठेवायचं की नाही, हे त्या एका आकड्यावर ठरत नाही. हा आकडा फारसा स्थिरही नसतो. ब्रिटनमध्ये 660 रुग्णांची दोन महिन्यांत तीनदा टेस्ट केली (2003 मध्ये ते प्रसिद्ध झालं), तेव्हा निम्म्याहून जास्त जणांचा 'प्रतिसाद आहे', 'नाही' हा शेरा दरम्यान बदलला होता!

मग जिना चढताना फरक का पडतो? तुम्ही निरोगी असाल तर करून बघा. छातीभर श्वास घ्या, थोडासाच सोडा आणि त्यावरच पुढचा श्वास घ्या. असे चार-पाच श्वास झाले की छाती भरून आल्यासारखी होते. सीओपीडीत आतली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. चालताना श्वास भराभर होतो, तशी ती आणखी साठते. पंपाने नळ्या थोड्या सैल होतात, कोंडलेली हवा निघते आणि नव्या श्वासाला जागा मिळते. पहिल्या सेकंदाचा आकडा फारसा न हलताही हे होऊ शकतं. म्हणून डॉक्टर जिना, आंघोळ, झोप हे सगळं विचारतात. बिघडलेलं फुफ्फुस पंपाने पूर्ववत होत नाही, हेही खरंच.

मग त्यांनी काकांना समोरच पंप घ्यायला लावला. काका आधी दाबत होते आणि मग ओढत होते, त्यामुळे बरंचसं औषध तोंडातच राहत होतं. स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची ती प्लास्टिकची पोकळ नळी, लावून दिली. आधी श्वास सोडायचा, मग हळू ओढायचा आणि जमेल तसा दहा सेकंद रोखायचा. पावडरवाल्या पंपाचं मात्र उलट, तो जोरात ओढावा लागतो. तुमच्या घरात कुणाचा पंप असेल तर पुढच्या वेळी तो सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. आणि पंप घेऊनही धाप थांबत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर थेट हॉस्पिटल गाठा.

काका आता परत एकदाच थांबतात, दुसऱ्या मजल्यावर. परवा नवा रिपोर्ट आला. मी हात पुढे केला, तर त्यांनी पाकीट काकूंकडे दिलं.