बिलात आधी गंज, मग रंग



गाडीच्या इंजिन बेमधला जुना रंग आणि गंज कसा काढायचा, ते व्हिडिओत दाखवलंय. इथे मला धंद्याचं बोलायचंय. माझं मत सरळ आहे. गंजावर काळा स्प्रे मारून द्यायचं काम घेऊच नका. आणि गंज काढायचं काम घेतलंत, तर बिलातली पहिली ओळ त्याचीच असू द्या. रंगाची ओळ नंतर.

वाढवण, वरोर, चिंचणी, डहाणू... आपण सगळे खाऱ्या वाऱ्यात राहतो. मीठ पत्र्यावर बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जिथे रंगाचा टवका उडालाय तिथून आत शिरतं. वरून नवा रंग मारला तरी खाली मीठ आणि ओल तशीच राहते. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात. गिऱ्हाईक म्हणतं, "या माणसाचं कामच भिकार." छोट्या तालुक्यात नाव जायला वेळ लागत नाही.

आता खरं काम किती आहे ते बघा. बॅटरी काढायची. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, कनेक्टर, एअर इनटेक प्लास्टिकने बांधायचे. आधी डीग्रीझरने ऑइल काढायचं, कारण तेलकट पत्रा घासला की घाण नुसती पसरते. मग सुटलेला रंग स्क्रेपरने, गंज वायर ब्रशने आणि कोपरे हाताने. एमरी पेपर आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, पूर्ण सुकवायचं. खड्ड्यात उरलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ. उघडा पत्रा आपल्या हवेत रात्रभर ठेवला तर पुन्हा लाल पडायला लागतो, म्हणून प्रायमर त्याच दिवशी. एवढं झाल्यावर रंग मारणं म्हणजे शेवटचं छोटं काम.

आणि तरी सगळेजण भाव रंगाचा सांगतात!

एक हिशोब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. साहित्य १,२०० रुपये, भाडं-वीज ५०० रुपये, काम १० तास. शेजारचा १,५०० मध्ये स्प्रे मारतो म्हणून तुम्ही घाबरत २,००० सांगितले. हातात उरले ३०० रुपये. म्हणजे तासाला ३० रुपये! स्वतःची मजुरी हिशोबात न धरणं, हा आपल्या छोट्या धंद्यांचा खरा गंज आहे.

"सर, गिऱ्हाईक एवढे देत नाही." हे मला नेहमी ऐकायला मिळतं. आपल्याच पट्ट्यात दागिन्यांचे डाय बनवणारे कारागीर आहेत. ते काय लोखंडाच्या वजनावर भाव लावतात? हातातल्या कामाचे पैसे घेतात. तुम्हीही काम दाखवा. घासण्याआधीचा, उघड्या पत्र्याचा आणि प्रायमरनंतरचा, असे तीन फोटो पाठवा. बजेट कमी असेल तर फक्त बॅटरी ट्रे करा, पण पूर्ण करा.

गंज आला कुठून, तेही सांगा. बॅटरीचं ॲसिड सांडलंय का? ब्रेक ऑइल गळतंय का? ते रंग खातं. गळती थांबवली नाही तर सगळी मेहनत पाण्यात. पत्रा दाबल्यावर आत जात असेल तर ते वेल्डरचं काम आहे, तसं स्पष्ट सांगा. आणि चेसिस नंबर बऱ्याच गाड्यांत इथेच कोरलेला असतो. त्याच्यावर ग्राइंडर कधीच नाही.

जुनी गाडी विकायच्या आधी "जरा चमकवून दे" म्हणणारे येतील. तिथे घेणारा फसतो आणि हात तुमचा असतो. हे काम सोडा.

धुळीचंही बघा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच आणि त्यांचा खर्च बिलात धरा. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. खरवडलेला रंग आणि केमिकलचं पाणी गटारात सोडलं तर ते खाडीत जाणार, आणि खाडीवर आपल्याच मच्छीमारांची चूल पेटते.

३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. प्रकल्प ७६ हजार कोटींच्या घरातला. गावात विरोध आहे, आशाही आहे. तुमचं मत काहीही असो, "बंदर आलं की धंदा येईल" म्हणून थांबू नका. खारा वारा आजही आहे, गंजलेल्या गाड्या आजही आहेत.

या आठवड्यात एकच करा. पुढच्या कामाचे तास घड्याळ लावून लिहा, आणि भाव त्यानंतर ठरवा.