कीबोर्डचा ठेका आणि मागचा बाक

मला विचाराल तर चर्चमध्ये माइक, मिक्सर, प्रोजेक्टर हवेतच. पडद्यावर शब्द मोठे दिसले की आज्या चष्मा न शोधता गातात. माझं भांडण आहे ते कीबोर्डच्या तयार ठेक्याशी. 'उपासना संगीत'मधली ना. वा. टिळकांची (१८६१-१९१९) भजनं मंडळीच्या श्वासावर चालतात. कडव्याच्या शेवटी सगळे जरा रेंगाळतात. यंत्र काही थांबत नाही. मग मंडळी गप्प होते आणि आपण आवाज वाढवतो! त्यापेक्षा तबला-पेटी बरी. साउंडवाल्यानेही गाणं चालू असताना मागच्या बाकापाशी जाऊन उभं राहावं. तिथे शेजारचा गाताना ऐकू येत नसेल, तर स्पीकर कमी करावा. बँडमधली पोरं यावर कुरकुरतात. त्यांनी इलेक्ट्रॉनिक प्रयोग खुशाल करावेत, पण उपासनेआधी, लोक येऊन बसत असताना.