आंधळी कोशिंबीर, आकाशातली!



श्रावणातली संध्याकाळ आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावात, घराच्या अंगणात तुम्ही उभे आहात. आभाळ भरून आलंय. तेवढ्यात वरून घरघर ऐकू येते. ढगांच्या फटीतून एक लुकलुकता दिवा दिसतो आणि लगेच गडप होतो. विमान!

आता ॲटलास काढा. मुंबई आणि नागपूर या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवून रेघ ओढा. ती रेघ बुलढाणा जिल्ह्यातून, धाडच्या जरा दक्षिणेकडून जाते की नाही? म्हणजे ते विमान मुंबई-नागपूरचंही असेल. पण प्रश्न असा, की चढताना किंवा उतरताना ढगात शिरल्यावर वैमानिकाला बाहेरचं काय दिसतं?

उत्तर अगदी सोपं आहे. काहीच नाही! दिवसा काचेबाहेर नुसता पांढरा कापूस, रात्री नुसता काळोख. ना जमीन, ना क्षितिज.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय? विमान सरळ आहे की कललंय, ते बसल्या जागी कळेलच की!" बरं, मग एक प्रयोग करून पाहू. गरगर फिरणाऱ्या खुर्चीवर मित्राला बसवा. (कोणीतरी मोठं माणूस जवळ असू द्या, बरं का!) त्याचे डोळे रुमालाने बांधा. खुर्ची हळूहळू, एकाच वेगाने फिरवा आणि ज्या बाजूला फिरतोय असं वाटेल त्या बाजूला त्याला अंगठा दाखवायला सांगा. सुरुवातीला तो बरोबर दाखवेल. थोड्या वेळाने म्हणेल, "खुर्ची थांबली." प्रत्यक्षात ती फिरतच असेल! मग खुर्ची खरोखर थांबवा. आता तो म्हणेल, "उलटीकडे फिरतोय!"

असं का होतं? आपल्या कानाच्या आत तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. आपण वळायला लागलो, की द्रव जरा मागे राहतो. त्यावरून मेंदूला वळण समजतं. पण एकाच वेगाने वळत राहिलं, की द्रवही नळ्यांबरोबर फिरू लागतो. मग मेंदूला वाटतं, आपण स्थिरच आहोत. आंधळी कोशिंबीर खेळताना गोल फिरवून सोडलं, की आपण भलतीकडेच हात पसरतो ना? अगदी तसंच.

अंगणात फार तर ढोपर फुटेल. आकाशात मात्र जिवावर बेतेल. म्हणून ढगातल्या वैमानिकाचा पहिला नियम आहे : अंगाला काय वाटतं ते विसरा, उपकरणं काय सांगतात ते वाचा. समोर कृत्रिम क्षितिज नावाचं उपकरण असतं. त्यात आकाश निळं आणि जमीन तपकिरी दाखवलेली असते. विमान कललं, की मधली रेघ तिरपी होते. शेजारी उंची, वेग आणि दिशा दाखवणारी उपकरणं असतात. शिकताना वैमानिकाच्या डोक्यावर टोपीसारखा पडदा लावतात. बाहेरचं दिसत नाही, फक्त उपकरणं दिसतात. अमेरिकेच्या जिमी डूलिटल यांनी 24 सप्टेंबर 1929 रोजी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून विमान उडवलं आणि सुखरूप उतरवलंसुद्धा!

पण समजा, उपकरणच खोटं बोललं तर?

हा प्रश्न कल्पनेतला नाही, मित्रांनो. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जम्बो विमान मुंबईहून दुबईला निघालं. खाली अंधारा समुद्र, क्षितिज दिसेना. चौकशीत असं आढळलं, की प्रमुख वैमानिकापुढचं कृत्रिम क्षितिज बिघडलं होतं. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेलं दाखवत राहिलं. ते खरं मानून वैमानिकाने विमान डावीकडे वळवत नेलं. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. 213 जण होते, एकही वाचला नाही. सहवैमानिकापुढे आणि मधोमध आणखी कृत्रिम क्षितिजं होती. पण ती पडताळून विमान सावरायला वेळ पुरला नाही.

म्हणून पहिल्या नियमाला दुसरा जोडलेला आहे : एकाच उपकरणावर विसंबू नका. वैमानिकाची नजर सतत फिरत असते. क्षितिज म्हणतंय उजवीकडे कललोय, मग दिशा बदलतेय का? शेजाऱ्याचं क्षितिज काय म्हणतंय? दोघं सांगतात एक आणि तिसरा सांगतो भलतंच, तर तिसऱ्यावर संशय घ्यायचा. गणित सोडवून झाल्यावर ताळा करतो ना, तसाच हा ताळा. फक्त क्षणोक्षणी करायचा.

आता उतरण्याची वेळ. धावपट्टीजवळून दोन रेडिओ-संकेत येतात. एक सांगतो डावं-उजवं, दुसरा वर-खाली. त्यांच्या वाटेने विमान ढगातून खाली येतं. पण किती खाली? नेहमीच्या पद्धतीत जमिनीपासून साधारण 200 फुटांपर्यंत. तिथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर? "अजून थोडं खाली जाऊन बघू" असं मुळीच चालत नाही. इंजिनाचा जोर वाढवायचा आणि पुन्हा वर जायचं. मागे प्रवासी कुरकुरले तरी!

आणि मग कुठे जायचं? तेही निघण्याआधीच ठरलेलं असतं. टाकीत ठरल्या ठिकाणी पोचण्याचं इंधन हवंच. शिवाय पर्यायी विमानतळ गाठण्याचं आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्याचं. मुंबईत मुसळधार पाऊस झाला, की विमानं कधी अहमदाबादला, तर कधी नागपूरला वळवल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. आई-बाबांनो, पुढच्या वेळी तुमचं विमान असं परत वर गेलं, तर वैतागू नका. वैमानिकाने नियम पाळलाय, एवढाच त्याचा अर्थ.

आता या आठवड्याचं कोडं. भारतात ढोबळमानाने पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजार फुटांवर उडतात आणि पश्चिमेकडे जाणारी सम हजार फुटांवर, म्हणजे समोरासमोर गाठ पडत नाही. तर मग नागपूरहून मुंबईला निघालेलं विमान 33,000 फुटांवर असेल, की 34,000? ॲटलासमधली रेघ पुन्हा पाहा. उत्तर पुढच्या अंकात. तोवर खुर्चीचा प्रयोग करा, पण मित्राला पाडू नका हं!