टाकीत कुणालाही उतरवू नका

दुधनीतल्या आपल्या वस्तीत घरोघरी फिरताना आम्हाला एकच तक्रार ऐकू येते, संडासाचा वास घरात येतो. लगेच कुणीतरी म्हणतं, टाकी भरली, माणूस उतरवा. तो माणूस कुठल्या वस्तीतून येतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आधी मोरीत बादलीभर पाणी ओता. वास थांबला तर जाळीखालच्या वाकातलं पाणी आटलं होतं, एवढंच. गुडगुड होऊन वास परत आला, तर टाकीचा हवेचा पाइप बघा. तो छताच्या वर गेलेला हवा, तोंडाला बारीक जाळी हवी. डासांसाठी कितीतरी जण तिथं जाड फडकं बांधतात. डास अडतात, पण वायूही कोंडतो.

पाणी उतरतच नसेल तर मात्र नगरपरिषदेकडे मैला उपसायची गाडी मागा. टाकीतला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो, वाचवायला उतरलेल्यालाही. तोंडाला बांधलेला रुमाल तिथं काही कामाचा नाही. साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूला ३० लाख भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. आम्हाला ती भरपाई मागायची वेळच नको आहे. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या.