कुलंट, होज आणि कामगाराची कातडी



भिलाई म्हटले की ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी आठवते, आणि आम्हा रेल्वे कामगारांना आठवतो रूळ. रुळाची टोके कापणारी, त्यात भोके पाडणारी यंत्रे, कारखान्याचे मशीन शॉप, औद्योगिक वसाहतीतील छोटे कारखाने आणि रेल्वेच्या शेडमधील लेथ या सगळ्यांना जोडणारी एक वस्तू आहे. तिच्यावर सहसा अग्रलेख लिहिला जात नाही. ती म्हणजे कुलंट, आपल्या भाषेत दुधी पाणी. कोणते कुलंट घ्यायचे हे स्टोअर्स खाते ठरवते, टेंडर सर्वांत स्वस्ताला जाते, आणि ज्याचे हात आठ तास त्यात भिजतात त्या टर्नरला कोणी विचारत नाही.

स्वस्ताचा हिशेब तरी खरा आहे का, ते पाहा. समजा एक तेल १०० रुपये लिटर आहे आणि दुसरे १५०. पहिले ८ टक्के मिसळावे लागते, दुसरे ५ टक्क्यांत काम देते. शंभर लिटर मिश्रणाला पहिल्याचा खर्च ८०० रुपये, दुसऱ्याचा ७५०. शिवाय स्वस्त तेल लवकर नासले तर टाकी महिन्याआड उपसावी लागते, ते वेगळेच. पण टेंडरच्या कागदावर भाव असतो तो पिंपातल्या तेलाचा. टाकीतल्या मिश्रणाचा भाव तिथे कोणी मांडत नाही.

काम पाहूनच कुलंट निवडावे लागते. आटे पाडणे, ब्रोचिंग अशा जड, संथ कापणीला निव्वळ कटिंग ऑइल लागते, कारण तिथे वंगण महत्त्वाचे. वेगाने टर्निंग किंवा ग्राइंडिंग असेल तर उष्णता वाहून नेणारे पाण्यात मिसळणारे तेल हवे. पाणी जड असेल तर दूध फाटते, म्हणून पुरवठादाराला आपल्या नळाच्या पाण्याचा नमुना आधी द्यावा. मिसळताना पाण्यात तेल ओतावे, तेलात पाणी नव्हे. हे जुन्या मिस्त्रींना ठाऊक असते, नव्या पोरांना कोणी सांगत नाही. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिसाकडे जातो. तेव्हा टाकीतले पाणी उडते, तेल मागे राहते आणि मिश्रण दाट होते. दाट मिश्रणाने कातडी उलते. उडालेल्या पाण्याची भर पातळ मिश्रणाने घालावी आणि रिफ्रॅक्टोमीटरने मोजावे. एवढेसे उपकरण, पण कित्येक शॉपमध्ये ते साहेबांच्या कपाटात कुलपात असते.

आता होज. कुलंट बदलले की होज तोच ठेवतात, इथेच घात होतो. साधा रबरी पाइप खनिज तेलात फुगतो, मऊ पडतो आणि क्लॅम्पमधून निसटतो. ईपीडीएम रबर पाण्याला उत्तम, तेलाला निकामी. बागेला पाणी घालायचा पीव्हीसी पाइप तारेने बांधून चालवणे ही तर आपल्याकडची रीतच झाली आहे. तेल त्यातला मऊपणा शोषून घेते, पाइप कडक होतो आणि तडकतो. तेल आणि तेल-पाण्याच्या मिश्रणाला नायट्राइल रबर बहुतेक ठिकाणी चालते. पॉलियुरेथेन घ्यायचे तर पॉलिएथर जातीचे घ्यावे, पॉलिएस्टर जातीचे पाण्याने हळूहळू विरते. तापलेल्या चिप्स पडत असतील तिथे वर लोखंडी कवच हवे. सीएनसी यंत्रावर टूलच्या आतून ७० बार दाबाने कुलंट येते. तिथे जोडणीतून सुटलेला होज चाबकासारखा फटका मारतो, तेव्हा तारेच्या वेणीचा, दाब छापलेलाच होज लागतो. शंका असेल तर होजचा वीतभर तुकडा वजन करून आठवडाभर त्याच कुलंटात बुडवून ठेवावा आणि पुन्हा तोलावा. फुगला किंवा चिरला तर तो यंत्रावर चढवू नये. याला प्रयोगशाळा लागत नाही.

हा सगळा खटाटोप यंत्राच्या आयुष्यासाठी आहे असे कोणी समजू नये. नीट शुद्ध न केलेली खनिज तेले माणसाला कर्करोग करतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. कुलंटमध्ये नायट्राइट आणि डायइथेनॉलअमाइन एकत्र आले की नायट्रोसामाइन तयार होते, तेही घातकच. कुलंटच्या तुषारांसाठी अमेरिकेच्या नायोश संस्थेने १९९८ साली घनमीटरला ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. आपल्याकडे तुषार मोजतो कोण? आणि सोमवारी सकाळी यंत्र सुरू करताच जो कुजका वास येतो, तो बंद टाकीत जिवाणू माजल्याचा पुरावा आहे.

खनिज तेलाने होणारा त्वचारोग १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही आहे. म्हणजे तो कळवणे बंधनकारक आहे. तरीही दवाखान्यात त्याची नोंद 'खाज' एवढीच होते.

टाकी उपसायला उतरतो तो बहुधा ठेकेदाराचा माणूस. त्याला ना हातमोजे, ना बदलीचे कपडे. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. ते याच औद्योगिक पट्ट्यातले होते आणि कायम नोकरी मागत होते. त्या मागणीत कातडी वाचवण्याचा हक्कही येतो, असे आम्ही मानतो.

प्रत्येक शाखेने पुढील सुरक्षा समितीच्या, आणि रेल्वेत पीएनएमच्या, बैठकीत हा विषय लेखी द्यावा. खरेदीपूर्वी कुलंटची सुरक्षा माहिती मराठी-हिंदीत मिळावी, होजच्या जातीचा उल्लेख इंडेंटमध्ये असावा, टेंडर समितीसमोर एका अनुभवी ऑपरेटरचे मत नोंदवावे, आणि टाकी उपसणाऱ्या ठेका कामगाराची त्वचातपासणी कायम कामगाराबरोबरच व्हावी. बैठकीचे इतिवृत्त मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठवावे.