कांदेनवमी आणि रानांतला कांदा

आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. पुढें दोन दिवसांनीं शयनी एकादशी व चातुर्मास. म्हणून ज्या घरांत चार महिने कांदा वर्ज्य, तेथें त्या दिवशीं भजीं, थालिपिठें व झुणका यांची चंगळ असते. आमच्या अकोटच्या घरींहि हाच परिपाठ आहे. परंतु एका वर्षीं या सणावर आलेलें संकट थोडक्यांत टळलें. तें वाचकांस सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

उन्हाळ्याच्या सुटींत मुलांनीं सातपुड्याच्या अलीकडील एका माळावर नवल पाहिलें. भोंवतीं गवताचें हिरवें पातें नाहीं, आणि जमिनींतून पानांवांचून एकच सरळ दांडा वर आलेला. त्यावर मळकट पांढरीं, लोंबतीं, सहा पाकळ्यांचीं फुलें. उकरून पाहतात तों खालीं थोरला पांढरा कांदा! कुंडींत शोभेल म्हणून तो घरीं आला, आणि पुढें आवराआवरींत कोणीतरी कांद्यांच्या टोपलींत टाकला. नवमीच्या सकाळीं धाकट्या सूनबाईंनीं तो विळीवर धरला. कांद्याचा वास नाहीं, डोळ्यांस पाणी नाहीं. हातांस मात्र खाज सुटली. मातोश्री ओरडल्या, "अगं, टाक तो! कोळकांदा आहे तो."

मातोश्रींचें म्हणणें खरें होतें. कोळकांदा किंवा रानकांदा यास संस्कृतांत वनपलांडु व शास्त्रांत ड्रिमिया इंडिका म्हणतात. याचें फूल उन्हाळ्यांत येतें व पानें पावसाबरोबर. यांतील द्रव्यें डिजिटॅलिससारखीं थेट हृदयावर परिणाम करतात. जाणत्या वैद्याच्या हातीं अत्यल्प मात्रेंत तें कफावरील औषध. मात्रा वाढली कीं वांत्या, जुलाब, नाडी मंदावणें, प्रसंगीं मृत्यूहि. याच्या भूमध्यसागराकडील भावंडापासून उंदरांचें विष करीत. चुकून कोणाच्या पोटांत गेल्यास घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

मग खरा कांदा ओळखावा कसा? एक खूण वासाची, दुसरी फुलाची. कांद्याच्या कुळांत सर्व फुलें दांड्याच्या टोंकाशीं एका झुबक्यांत येतात. कोळकांद्याचीं दांड्यावर वेगवेगळीं. खरे डोंगरी कांदे हिमालयांत आहेत. उत्तराखंडांत फरण व जंबू यांचीं वाळलेलीं पानें फोडणींत घालतात. मध्य आशियांतील डोंगरांतल्या एका जातीस पुरुषभर उंच दांड्यावर जांभळा चेंडू येतो. युरोपांत ती केवळ शोभेसाठीं बागांतून लावतात.

आपला कोळकांदा मात्र माळावरच शोभतो. मुलांसह नरनाळ्यास जावें तेव्हां त्याचें फूल डोळे भरून पाहावें, पण उकरूं नये. तेथील अभयारण्यांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तशी मनाईच आहे. शिवाय कंद उपटला कीं पुढील वर्षींचें फूलहि गेलें.

शोभाच हवी तर कार्तिकी एकादशीनंतर टोपलींतला एक मोड आलेला कांदा कुंडींत लावावा. आमच्या मुलांनीं तसेंच केलें. माघ-फाल्गुनांत त्यावर पांढऱ्या फुलांचा टपोरा चेंडू आला, आणि मातोश्रींनींहि तो कौतुकानें पाहिला.