पोहोचली का?

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा आमच्या शाळेतही मदत गोळा झाली. मुलांनी घरून चादरी, साबण, बिस्किटांचे पुडे आणले. एका मुलीच्या नानीने स्वतः शिवलेली नवी गोधडी पाठवली. सगळं टेम्पोत चढवलं, फोटो काढले आणि आम्ही मोकळे झालो. पंधरा दिवसांनी त्या मुलीने विचारलं, "टीचर, नानीची गोधडी पोहोचली का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परवा रोबेर्तो क्लेमेंतेबद्दल वाचताना तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. क्रिकेटवेड्या आपल्या घरांत हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल. पण अमेरिकेत बेसबॉलच्या दिवंगत खेळाडूंची आठवण निघाली की हे नाव आदराने घेतलं जातं.

क्लेमेंतेचा जन्म 1934 चा, पोर्तो रिको बेटावरच्या कॅरोलिना गावातला. वडील उसाच्या मळ्यात काम करत. सात भावंडांत हा धाकटा. पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच संघाकडून तो 18 हंगाम खेळला. काळा रंग आणि स्पॅनिश भाषा, दोन्हींमुळे त्याला टोमणे सोसावे लागले. वर्तमानपत्रं त्याला 'बॉब' म्हणत, तो मात्र आपलं नाव रोबेर्तोच आहे असं ठामपणे सांगे. 1971 ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर टीव्हीसमोर तो आधी स्पॅनिशमध्ये बोलला आणि आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. घरात उर्दू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या मला त्या क्षणाचं मोल समजावून सांगावं लागत नाही.

30 सप्टेंबर 1972 ला त्याने आपला 3000 वा यशस्वी फटका मारला. नियमित हंगामातला तोच त्याचा शेवटचा ठरला.

त्याच वर्षी 23 डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. हजारो माणसं गेली. काही आठवड्यांपूर्वीच क्लेमेंते तिथे एका संघाचा व्यवस्थापक म्हणून राहून आला होता. त्याने पोर्तो रिकोत पैसे, कपडे, औषधं जमवली आणि विमानं पाठवली. मग बातमी आली की सत्ताधारी सोमोझाचे सैनिक मदत मधल्यामध्ये लाटत आहेत. तेव्हा त्याने ठरवलं, पुढच्या विमानातून आपण स्वतः जायचं. आपण समोर असलो तर सामान गरजूंच्या हातात पडेल, असा त्याचा विश्वास होता.

31 डिसेंबरच्या रात्री ते जुनं विमान क्षमतेपेक्षा जास्त ओझं घेऊन उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात कोसळलं. पाचही जण गेले. क्लेमेंते 38 वर्षांचा होता. मागे पत्नी आणि तीन लहान मुलं. त्याचा सहकारी मॅनी सँगियेन शोकसभेला गेलाच नाही, तो पाणबुड्यांबरोबर मित्राला शोधत होता. पण मृतदेह सापडला नाही.

निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याचा नियम बाजूला ठेवून 1973 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान दिलं गेलं. समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो.

आपण खैरात देतो, चंदा गोळा करतो. पण लोकांनी विश्वासाने दिलेली वस्तू अमानत असते. ती टेम्पोत चढवली की जबाबदारी संपते, असं मी मानलं होतं. क्लेमेंतेने तसं मानलं नाही. त्याच्यासारखा जीव धोक्यात घाला, असं मी कुणालाच सांगणार नाही. पण सामानाबरोबर एक जबाबदार माणूस पाठवणं, यादी करणं, घेणाऱ्याला फोन करून विचारणं, एवढं तर आपल्या हातात आहे.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. नानी हयात नाहीत. गोधडी कुठे गेली, ते मला आजही सांगता येत नाही. पण आता शाळेत मदत गोळा झाली की वहीत शेवटचा रकाना मी स्वतः आखते: पोहोचल्याची तारीख. तो भरल्याशिवाय वही मिटत नाही.